नगरपालिकेच्या भिंतीवरून जीभ काढणारा म्हातारा (आणि त्याची आगाऊ भावंडं)

राईनकाठी
गेल्या महिन्यात आईबाबा आले होते, त्यांना कोलोनला घेऊन गेले. कॅथेड्रल बघून झालं, आईची मान दुखायला लागली, म्हणून मागच्या आल्टर मार्क्ट चौकात कॉफी प्यायला बसलो. समोर टाउन हॉलचा मनोरा. त्याच्या घड्याळाखाली एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं लाकडी मुंडकं आहे. तासाचे टोले पडले की तो तोंड उघडतो आणि खालच्या लोकांना चक्क जीभ काढून दाखवतो. त्याचं नाव प्लाट्झयाबेक. पहिला बसवला तो १४४५ साली. मनोरा त्याच्याही आधीचा, १४०७ ते १४१४ मधला, ६१ मीटर उंच. १३९६ मध्ये कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघांनी तिथल्या जुन्या सरदार घराण्यांना सत्तेवरून खाली खेचलं आणि मग हा मनोरा बांधून काढला. त्यामुळे "ती जीभ त्या घराण्यांसाठी आहे" असं एक मत. "छे, ती आम्हा करदात्यांसाठी आहे" हे आमच्या वेटरचं मत.

आता पुढचं नाजूक आहे, जेवताना वाचू नका. त्याच चौकात २४ नंबरच्या घरावर, पार छपराजवळ, एक माणूस उकिडवा बसलाय. चड्डी खाली, ढुंगण चौकाकडे. नाव काल्लेनड्रेसर, म्हणजे शुद्ध मराठीत पन्हळीत हगणारा. हल्लीचा पुतळा एवाल्ड माटारे या शिल्पकाराने १९५६ साली केला, पण चौकात असा एक फार पूर्वीपासून होता. कथा तीन. पहिलीत शेजारी सतत तुतारी वाजवायचा म्हणून वैतागलेला शिंप्याचा पोऱ्या. दुसरीत शेजारच्या मठातल्या साधूंवर राग. तिसरीत थेट नगर परिषदेला दिलेला अभिप्राय.

बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत. बराच वेळ वर बघत राहिले आणि मला म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं, पण याचं बिल पास कोणी केलं?"

तर तोच प्रश्न इथे टाकते. युरोपभर टाउन हॉल, चर्च, विद्यापीठं यांच्यावर वाकुल्या दाखवणारे, उघडे-नागडे, माकडतोंडे लोक कोरलेत. ज्यांच्या पैशाने इमारत उभी राहिली त्यांचीच टिंगल. हे चाललं कसं? आणि प्रत्येक ठिकाणी गाइड सांगतो ती "पगार बुडवला म्हणून पाथरवटाने सूड घेतला" ही गोष्ट कितपत खरी? तुम्ही पाहिलेले नमुनेही लिहा.

चहाबाज
रुमाल टाकून ठेवतो. पोहे संपवून येतो. (जेवताना वाचू नका असं दुसऱ्या परिच्छेदात लिहून काय उपयोग, ताई?)

खडूस_काका
आधी शब्द नीट लावून घेऊ, नाहीतर पुढे पन्नास प्रतिसादांत सगळे सगळ्याला गार्गॉइल म्हणत बसतील. गार्गॉइल म्हणजे पन्हळ. छपरावरचं पाणी भिंतीवरून ओघळून चुना-दगड खराब करू नये म्हणून ते लांब फेकणारी तोटी, तिला प्राण्याचं किंवा माणसाचं तोंड. मूळ फ्रेंच शब्द घशाशी नातं सांगणारा. आपल्या देवळांत मकरमुखाची प्रणाळ असते, तेच काम. ज्यातून पाणी जात नाही, नुसतंच तोंड वेंगाडून बसलंय, ते ग्रोटेस्क.

दुसरं. पॅरिसच्या नोत्र दामच्या गॅलरीत हनुवटी हातावर टेकून शहराकडे बघणारा तो शिंगवाला प्राणी, ज्याचा फोटो प्रत्येकाच्या फ्रिजवर चुंबकावर असतो, तो मध्ययुगीन नाही. व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डागडुजी केली तेव्हा ती सगळी मंडळी नव्याने बसवली. तेव्हा "मध्ययुगीन माणसाच्या मनातली भीती" वगैरे त्याच्याकडे बघून लिहू नये. लिहितात.

बाष्कळ
काका आले. आता धागा शिस्तीत चालणार.

चिंचगुळाची_आमटी
फ्रायबुर्गच्या म्युन्स्टरवर (तिथलं मोठं चर्च) एक आहे तो विसरू नका! दक्षिण बाजूला. बाकीची गार्गॉइल्स तोंडातून पाणी ओततात, हा उलटा वळलाय आणि मागच्या बाजूने ओततो. आम्हाला गाइडने सांगितलं की पाथरवटाचं आर्चबिशपशी पैशावरून वाजलं, म्हणून त्याने नेमकं आर्चबिशपच्या वाड्यासमोर हे ध्यान बसवलं. पाऊस पडत होता त्या दिवशी, त्यामुळे प्रात्यक्षिकासह. मुलं अजून सांगत असतात सगळ्यांना.

खडूस_काका
आमटीबाई, चर्च मध्ययुगीन आणि फ्रायबुर्गला आर्चबिशप आला तो १८२७ साली. पाथरवटाला ज्योतिष येत असावं.

चिंचगुळाची_आमटी
:( इतकी छान गोष्ट होती.

बाष्कळ
गोष्ट छानच आहे. पाथरवटाने आधी बसवून ठेवलं, पुढे आर्चबिशपलाच तिथे घर घ्यायची बुद्धी झाली. वास्तुशास्त्र न बघता जागा घेतली की असं होतं.

खडूस_काका
गोष्टीची दुसरी आवृत्ती अशी की राग नगर परिषदेवर होता. म्हणजे ढुंगण एकच, पत्ता गाइड ठरवतो. कोलोनच्या तीन कथांचंही तेच. कथा तीन असल्या की समजावं, खरी कोणालाच ठाऊक नाही.

टेम्सचा_टोणगा
"सूड" प्रकारातली एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी पुराव्यासकट आहे, ऑक्सफर्डची. मी तिथे दोन वर्षं होतो आणि रोज त्या दारावरून जायचो.

ऑक्सफर्डचं विज्ञान संग्रहालय १८६० मध्ये उघडलं. डीन आणि वुडवर्ड हे डब्लिनचे वास्तुविशारद, त्यांनी आयर्लंडहून ओशे नावाचे पाथरवट भाऊ आणले. हे लोक नमुन्याची पुस्तकं बघून कोरत नसत. रोज सकाळी विद्यापीठाच्या बागेतून ताजी झाडं-पानं यायची आणि ती समोर ठेवून खांबांच्या डोक्यावर जशीच्या तशी उतरवायची. आजही बघा, पान ओळखता येतं. पण पैसे संपत आले, विद्यापीठात कुरबुर सुरू झाली. जेम्स ओशेने एका खिडकीभोवती माकडं कोरायला घेतली तर एक वरिष्ठ प्राध्यापक येऊन ओरडले, इमारत विद्रूप करतोस म्हणून. तो म्हणे माकडांची मांजरं करायला लागला. शेवटी त्याला कामावरूनच काढायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी हेन्री अॅक्लंड (वैद्यकाचे प्राध्यापक, या संग्रहालयामागचा मुख्य माणूस) बघतात तर ओशे प्रवेशद्वारात शिडीवर चढून दगडावर सपासप घाव घालतोय. काय करतोयस विचारलं तर ओरडला, "पोपट आणि घुबडं! कॉन्व्होकेशनचे सभासद!" कॉन्व्होकेशन म्हणजे विद्यापीठाची पदवीधरांची सभा, जी पैशाला नाही म्हणत होती. अॅक्लंडनी काय करावं? मित्राला हाकलायला नको आणि सभेलाही दुखवायला नको. त्यांनी त्याला सगळ्यांची डोकी उडवायला लावली. ती बिनडोक्याची पाखरं अजून त्या दारावर आहेत. माझ्या मते डोक्यासकट असती तर कोणी वर पाहिलंही नसतं.

याच इमारतीत १८६० च्या जूनमध्ये डार्विनच्या सिद्धांतावरून हक्स्ली आणि बिशप विल्बरफोर्स यांची ती गाजलेली खडाजंगी झाली. माकडांना तिथे जागा मिळाली नाही, पण विषय तोच.

खडूस_काका
चांगली गोष्ट. पण टोणगेराव, ही सांगितली कोणी? अॅक्लंडनीच, आणि तीही अनेक वर्षांनी. दगडातली तुटलेली पाखरं खरी आहेत, तेवढं मान्य.

टेम्सचा_टोणगा
मान्य. याच कंपनीचं डब्लिनमधलं किल्डेअर स्ट्रीट क्लबचं काम बघा मग. खांबाच्या पायाशी माकडं बिलियर्ड्स खेळतायत. आत बडे जमीनदार बिलियर्ड्स खेळत होते, बाहेर माकडं. ती कुणी फोडली नाहीत. कोरली कोणी यावर मात्र वाद आहे, ओशे बंधू की हॅरिसन नावाचा दुसरा कारागीर.

टाकीचे_घाव
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते (मुंबईत, चुना-दगड-धूळ-सर्दी). राईनकाठीच्या बाबांचा प्रश्न अगदी व्यवसायातला आहे, म्हणून जरा सविस्तर.

"पाथरवटाने गुपचूप कोरलं" हे मध्ययुगीन इमारतीच्या बाबतीत पटणं अवघड आहे. तेव्हाचं बरंचसं कोरीव काम वर चढून होत नसे. खाली पाथरवटांची एक शेड असायची, तिथे ठोकळा कोरून पूर्ण व्हायचा. मग तो रहाटाने वर चढवून बसवायचे. म्हणजे तो ढुंगणवाला फ्रायबुर्गच्या शेडमध्ये कित्येक दिवस पडून असणार. मुख्य कारागिराने पाहिला, मुकादमाने पाहिला, पैसे मोजणाऱ्याने पाहिला, जाता-येता पाद्री हसून गेला असणार. दहा माणसांनी मिळून तो वर ओढला. याला गुपचूप कसं म्हणायचं?

व्हिक्टोरियन काळात पद्धत बदलली होती. पुष्कळदा दगड ओबडधोबड ठेवून आधी बसवून टाकायचे आणि कोरायचं काम मागाहून, परांची बांधून किंवा शिडीवरून. त्यामुळे ओशेची गोष्ट तंत्राच्या दृष्टीने बसते. एका रात्रीत, निदान एका सकाळीत, मनासारखं करून टाकायला वाव होता.

तेव्हा बिल कोणी पास केलं? मला वाटतं, सगळ्यांनीच. त्यांना त्यात गैर वाटलं नाही, एवढंच.

चहाबाज
पोहे संपवून आलो. टाकीताई, "पाद्री हसून गेला असणार" हे जबरदस्त. पण मग खरंच कोणी पाद्री चिडला नाही का?

फादरांचा_शेजारी
चिडले ना. क्लेअरव्होचा संत बर्नार्ड, साधारण ११२५ चा. मठांच्या ओवऱ्यांमध्ये ही माकडं, सिंह, अर्धे घोडे अर्धी माणसं कशाला, असं त्याने लिहून ठेवलंय. वाचत बसायचं सोडून साधू दिवसभर ही चित्रंच बघत राहतात ही त्याची तक्रार. आणि शेवटी जे म्हणतो त्यावर राईनकाठीच्या बाबांना त्याला मिठी मारावीशी वाटेल: या मूर्खपणाची लाज वाटत नसेल, तर निदान खर्चाची तरी वाटू द्या!

गंमत म्हणजे तक्रार करताना त्याने एकेका प्राण्याचं असं बारीक वर्णन केलंय की स्वारी स्वतः बराच वेळ बघत उभी होती हे कळतं.

राईनकाठी
बाबांना वाचून दाखवलं. "ऑडिटवाला दिसतो," म्हणाले.

वाफाळ_वडा
ब्रसेल्सच्या टाउन हॉलची गंमत वेगळी आहे, तिथे शाब्दिक कोट्या कोरल्यात. पंधराव्या शतकात उजवा भाग बांधायला घेतला तेव्हा जागेवरची जुनी घरं पाडली. त्या घरांना नावं होती. एकाचं नाव पापेनकेल्डर, म्हणजे साधूंचं तळघर. मग कमानीखाली काय कोरलं? दारू ढोसणारे साधू. दुसऱ्याचं नाव स्खुपस्टूल. तो खरं तर दोरीने वर खेचून खाली सोडण्याच्या शिक्षेचा प्रकार, पण शब्द फोडला तर फावडं आणि खुर्ची. म्हणून तिथे माणसं फावड्याने खुर्च्यांचा ढीग उपसतायत! काही अर्थ नाही, निव्वळ पीजे. आणि सहाशे वर्षं होत आली, दगडात आहे.

बाष्कळ
म्हणजे पीजे मारणाऱ्यांना इतिहासात स्थान आहे. हा प्रतिसाद बायकोला दाखवण्यात येईल.

तिरकस_पेठकर
यात काय विशेष. आमच्याकडे पाडलेल्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीला वाड्याचंच नाव देतात, फक्त पुढे 'हाइट्स' लावतात. आणि अपमान करायला पाथरवट कशाला पोसायचा? पत्रा आणि रंगाचा डबा पुरतो.

वाफाळ_वडा
पेठकर, तुमच्या पाटीवर निदान लिहिलेलं असतं की अपमान कोणाचा आहे.

मसालेदार_दूध
स्पेनमधलं एक. वॅलेन्सियाची रेशीमबाजाराची इमारत, ला लोन्हा, काम १४८२ च्या सुमारास सुरू. आतल्या दालनात पीळदार खांब, आणि वर भिंतीवर चहूबाजूंनी लॅटिनमध्ये सोन्याच्या अक्षरांत उपदेश: बोलण्यात लबाडी नसलेला, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळणारा, व्याजबट्टा न करणारा व्यापारी श्रीमंत होईल आणि शेवटी स्वर्गालाही जाईल. शेजारच्या बुरुजात पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी कोठडी. आणि बाहेर आलात की दाराभोवती आणि वर पन्हळींवर नागडी माणसं नको ते उद्योग करतायत. मी दोन तास तिथे होते. उपदेशाचे फोटो तीन काढले, बाहेरचे चाळीस.

आणि सालामान्काच्या कॅथेड्रलच्या दारावर एक अंतराळवीर आहे, हेल्मेट-बूट सगळं. १९९२ च्या दुरुस्तीत घातला. जवळच आइस्क्रीम खाणारा एक राक्षसही आहे. "परग्रहवासी येऊन गेल्याचा पुरावा" म्हणून तुमच्या व्हॉट्सअॅपवर येईल तेव्हा साल सांगा.

चहाबाज
आलाय. मामांकडून. दोनदा.

कृष्णविवर
सगळे हसतायत म्हणून थोडं बेसूर होतो. माफी असावी.

या सगळ्याला आपण "सत्तेची टिंगल" म्हणून टाळ्या वाजवतोय. विटेनबर्गला गेलोय मी. लूथर (प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा) जिथे प्रवचन द्यायचा त्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर, उंचावर, साधारण १२९० च्या सुमाराचं एक शिल्प आहे. एक डुकरीण, टोकदार टोप्यांवरून ओळखू येणारे ज्यू तिला लुचतायत, आणि एक रब्बी (ज्यू धर्मगुरू) तिची शेपटी उचलून आत बघतोय. जर्मनीत असे नमुने अनेक ठिकाणी आहेत, रेगेन्सबुर्गच्या कॅथेड्रलवरही. तेही विनोदच होते. तेही शेडमध्ये कोरले, सगळ्यांनी पाहिले, हसले आणि वर चढवले. टाकीताई म्हणतात तसं बिल सगळ्यांनी पास केलं. ज्यांची टिंगल होती ते सोडून.

एका ज्यू नागरिकाने ते काढून टाका म्हणून खटला भरला. २०२२ च्या जूनमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं, राहू द्या. कारण खाली जमिनीत १९८८ मध्ये स्मारकाची पाटी बसवलीय आणि शेजारी माहितीफलक आहे, त्यामुळे ते आता अपमान न राहता इशारा झालंय. मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. तिथे उभं राहिलं की आधी डुकरीण दिसते, पाटी नंतर.

मसालेदार_दूध
हे माहीत नव्हतं. हसू थांबलं खरं.

बाष्कळ
कृष्णविवर, मुद्दा मान्य, पण म्हणून कोलोनच्या म्हाताऱ्याने जीभ आत घ्यायची का? प्रत्येक विनोदाला कोर्टात उभं केलं तर धागे बंदच करावे लागतील.

कृष्णविवर
आत घ्या म्हटलं नाही. तो कोणाला जीभ दाखवतो तेवढं बघायचं. नगर परिषदेला दाखवत असेल तर खुशाल. ज्याला चौकात उभं राहायचीही चोरी आहे त्याला दाखवत असेल तर तो पाथरवटाचा बंड वगैरे काही नाही.

खडूस_काका
कृष्णविवरांशी सहमत, आणि त्यांच्याच बाजूने एक भर. टिंगल वरच्या लोकांवर गेली की ती टिकत नाही. स्ट्रासबुर्ग कॅथेड्रलमध्ये प्राण्यांची एक अंत्ययात्रा कोरलेली होती. प्राणी प्रेत घेऊन चाललेत, गाढव पोथी वाचतंय. शेकडो वर्षं कोणाची हरकत नव्हती. मग प्रॉटेस्टंट मंडळींनी "बघा, तुमची मिस्सा-उपासना म्हणजे गाढवाचं वाचन" म्हणून त्याची चित्रं छापून वाटली. १६८१ मध्ये शहर फ्रेंचांकडे गेलं, कॅथेड्रल परत कॅथलिकांच्या ताब्यात आलं, आणि काही वर्षांतच ते शिल्प तासून टाकलं. दगड तोच होता. वाचणारा बदलल्यावर झोंबला.

शिळाप्रेस
अहो, गधेगाळ कशी कोणाला आठवली नाही! शिलाहार-यादवांच्या काळातले कोकणात, देशावर, गोव्यात किती दगड आहेत. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि खाली गाढव आणि बाई. हे दान जो मोडेल त्याच्या आईवर गाढव, अशी शिवी चित्रासकट. आणि ही कोरली कोणी? चिडलेल्या पाथरवटाने नव्हे, खुद्द राजसत्तेने. सरकारी काम, सरकारी खर्च. लेख वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून चित्र. त्यामुळे "अश्लील कोरीव काम म्हणजे सत्तेविरुद्ध" हे समीकरण आपल्याच गावाच्या वेशीवर मोडतं.

आणि कृष्णविवर म्हणतात ते इथेही लागू. दान मोडणार कोणी पुरुष, शिक्षा दगडात कोरलेल्या बाईला.

चिंचगुळाची_आमटी
माझ्या आजोळी असा एक दगड होता, त्याला शेंदूर फासून लोक नारळ फोडायचे. वरचा भाग जमिनीबाहेर, खालचा पुरलेला. खाली काय आहे हे मला आत्ता कळतंय. आजीला सांगायची हिंमत नाही.

शिळाप्रेस
सांगू नका. तालुका तेवढा व्यक्तिगत निरोपात (व्यनि) कळवा, लेख असेल तर वाचायचाय.

काळा_कोट
इतका वेळ गप्प वाचत होतो. आता मुंबईवर येऊ, कारण हा गॉथिक प्रकार (मध्ययुगीन युरोपी चर्चची धाटणी) आपल्याकडे थेट बोटीने आलाय.

मुंबई हायकोर्टाची इमारत. कर्नल फुलरचा आराखडा, काम १८७१ ते १८७८. वर न्याय आणि दया यांचे भव्य पुतळे. आणि आत खांबांवर एक माकड, हातात न्यायाचा तराजू, एका डोळ्यावर पट्टी. दोन्ही नाही हं, एकाच. दुसरीकडे वकिलाचे पांढरे बँड लावलेला कोल्हा (काही जण लांडगा म्हणतात. पक्षकाराच्या अनुभवावर अवलंबून). आमच्या बारमध्ये पिढ्यानपिढ्या सांगतात ती गोष्ट अशी की कोरीव कामाच्या पारशी ठेकेदाराचा खटला चालू होता, तो हरला, आणि त्याने निकालावर दगडात अपील केलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा चढला, हरला आणि परत येऊन टाकी चालवून गेला.

मी सनद मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात ते माकड शोधत फिरलो होतो. सिनियरने दाखवलं आणि म्हणाले, "रोज एकदा बघत जा." का ते नाही सांगितलं.

खडूस_काका
काळा कोट, गोष्ट उत्तम, पण पुन्हा तेच. चिडलेला कारागीर, बुडालेले पैसे, दगडातला सूड. फ्रायबुर्गची कथा बोटीत बसून अपोलो बंदरला उतरली असं वाटत नाही का? कोल्हा साधूचा झगा घालून हंसांना प्रवचन देतोय हे चित्र इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चच्या लाकडी आसनांखाली आहे. झगा काढून बँड लावले की झाला वकील. नमुना तयारच होता.

काळा_कोट
काका, पुरावा नाही हे मलाही कळतं, व्यवसाय आहे माझा. ऐकीव साक्ष आहे. पण माकड जागेवर आहे, एकच डोळा झाकलेला आहे, आणि जवळजवळ दीडशे वर्षांत एकाही न्यायमूर्तीने ते काढा म्हटलेलं नाही. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांपेक्षा आमचे लोक बरे, एवढं नोंदवून घ्या.

आणि राईनकाठींच्या बाबांसाठी: ही इमारत मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमी खर्चात पूर्ण झाली. माकडासकट.

टाकीचे_घाव
काका, नमुना बाहेरून आला हे खरं, पण हात इथलेच होते. व्हीटीवर स्टीव्हन्सचा आराखडा आणि जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांचं काम. तिथली पानं, मोर, माकडं, मुंगूस बघा. इंग्लंडच्या पुस्तकात बघून असा मोर येत नाही. मी एका इमारतीच्या (नाव नको) परांची चढून वरची तोंडं जवळून पाहिलीत. खालून जी राक्षसासारखी दिसतात त्यातली दोन-तीन जवळून चक्क कुणा ओळखीच्या माणसाची वाटतात. गालावर चामखीळसुद्धा. ती खालून दिसणारच नाही. मग कोरली कोणासाठी? शेजारी बसून दुसरं तोंड कोरणाऱ्यासाठी, दुसरं काय.

चहाबाज
हा प्रतिसाद आवडला. वाचनखूण (वाखु) साठवली आहे.

तिरकस_पेठकर
कोलोनला भारतीय जेवण बरं कुठे मिळतं? जूनमध्ये चाललोय.

राईनकाठी
पेठकर, व्यनि केलाय. पन्हळीखाली बसू नका.

बाकी सगळ्यांचे खूप आभार. बाबा परत गेले आहेत, पण कालपर्यंतचे प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. फ्रायबुर्गला हसले, डुकरिणीला गप्प झाले, हायकोर्टाला "बघून यायला हवं" म्हणाले. आणि मग एक गोष्ट सांगितली जी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. त्यांच्या शब्दांत लिहिते:

"कोकणात असताना एका विश्रामगृहाचं काम माझ्याकडे होतं. पोर्चच्या दोन्ही खांबांवर सिमेंटमध्ये सिंहाची तोंडं करायची होती. गवंडी हुशार होता. आमचे वरचे साहेब त्याला फार बोलायचे, मजुरीही अडकवून ठेवलेली. डावीकडचा सिंह झाला आणि मी बघतो तर गाल फुगलेले, मिशी बारीक, आणि कपाळावर साहेब रागावले की पडायची तीच आठी. आयाळ काढली की साहेब. मी त्याला म्हटलं, मोडून टाक. तो म्हणाला, मोडतो की, पण काय चुकलंय तेवढं सांगा. आता काय सांगणार? दोन दिवसांनी साहेब पाहणीला आले. खाली उभे राहून चांगलं न्याहाळलं आणि म्हणाले, डावा सिंह उजव्यापेक्षा चांगला झालाय, उजवा तसाच करून घ्या."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, उजवाही तसाच केला. मेजरमेंट बुकात लिहिलं, शोभेचं काम, सिंहमुख, २ नग. बिल मीच पास केलं."

काळा_कोट
कबुलीजबाब नोंदवला. मुदतीच्या कायद्याने आता काही करता येणार नाही, बाबांना सांगा.

खडूस_काका
या गोष्टीला मात्र माझा आक्षेप नाही.

टाकीचे_घाव
फोटो आहे का?? प्लीज!

राईनकाठी
नाही गं. रस्ता रुंद करताना पोर्च गेला. गवंड्याची राहिलेली मजुरी मिळाली का, हे विचारायचं राहिलं. रविवारी फोन करते तेव्हा विचारते.